रिकाम्या खुर्च्यांचा हाऊसफुल्ल

शिरूरच्या भाग्योदय टॉकीजच्या दारात उभा राहून कोंडिबा एकामागून एक तिकिटं फाडत होता. एकूण चारशे बारा तिकिटं होती. अर्धं दारातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि अर्धं गिऱ्हाइकाला परत द्यायचं, असा तीस वर्षांचा त्याचा हात बसलेला होता. आज मात्र ते अर्धं परत घ्यायला समोर कुणीच नव्हतं. आत सगळे पंखे बंद होते आणि पडद्यासमोरून एक मांजर निवांत चाललं होतं. बाहेर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागली होती आणि गंमत म्हणजे ती अगदी खरी होती.

कोंडिबाला या सगळ्यात गंमत वगैरे काही वाटत नव्हती. आतल्या पडद्यावर त्याची मेलेली बायको येणार होती आणि तिला बघायला त्याला जागा मिळत नव्हती.

पिक्चरचं नाव होतं ‘टेलचं पाणी’. त्यात नट नव्हते, नटी नव्हती, मारामारी तर नव्हतीच. पुण्याच्या तीन-चार पोरापोरींनी कॅमेरा घेऊन, कालव्याचं पाणी कुठं मुरतं आणि टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ते का पोचत नाही, एवढंच दाखवलं होतं. पण पुण्यात त्याच्या एका खेळावरून बाचाबाची झाली, पेपरात आठवडाभर उलटसुलट पत्रं आली आणि पिक्चरला नाव झालं. भाग्योदयचे मालक सावळाराम शेठ यांना एरवी पाण्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण गावात केबल आली होती, सीडी भाड्यानं मिळत होत्या आणि टॉकीजमध्ये माणसांपेक्षा डास जास्त, अशी अवस्था झाली होती. शेठनी फुकटात मिळालेली पिक्चरच्या रिळांची पेटी उतरवून घेतली.

कोंडिबाचं गाव भीमेच्या काठाला, पण कालव्याच्या टेलला. चार वर्षांपूर्वी ती पोरं कॅमेरा घेऊन बौद्धवाड्यात आली, तेव्हा कोंडिबा नेहमीप्रमाणे टॉकीजवर होता. ताईबाईनं घरी आल्यावर त्याला सांगितलं होतं, “मी बी लई बोलले.”

“काय बोललीस?”

“बगाल तवा कळंल.”

एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला बसली होती. दोन वर्षांनी कावीळ झाली आणि बारा दिवसांत ताईबाई गेली. मागं तिचा एक धड फोटो राहिला नाही. लेकीच्या, करुणाच्या लग्नात फोटोग्राफर आला होता, पण ताईबाई दिवसभर चुलीपाशी. एका फोटोत ती आहे, असं करुणा म्हणायची. त्यात एक कोपर दिसत होतं. मतदानाच्या ओळखपत्रावरचा फोटो होता, पण तो बघून करुणाच म्हणाली होती, “आबा, ही आय न्हाई. हा कुणीतरी बाप्या हाय.” घरात बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींखाली कोंडिबानं एक खिळा ठोकून ठेवला होता. तो दोन वर्षं रिकामाच होता.

पेटी आली त्या दिवशी ऑपरेटर ज्ञानूनं रिळं जोडून बघितली आणि कोंडिबाला हाक मारली. “कोंडिबा, वहिनी हायेत रं! इंटरव्हलनंतर, ईस-पंचवीस मिन्टांनी. लुगडं वळखलं मी. आवाज न्हाई लावला अजून.”

“आत्ता दाव की मग.”

“आत्ता लाईट कुठं हाय?”

लाईट नव्हती. दोन हजार पाच साली शिरूरला लाईट असण्याचंच नवल वाटायचं. शुक्रवारी बाराच्या खेळाला सतरा माणसं आली. मध्यंतर संपल्यावर कोंडिबा दार लोटून आत गेला, मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि पंधरा मिनिटांत लाईट गेली. सतरा माणसं शिट्ट्या मारून घरी गेली. तीनचा खेळ अंधारात बुडाला. सहाला लाईट आली आणि लाईटीपाठोपाठ नवनाथ आला.

नवनाथ म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन तात्याबा यांचा माणूस. पांढरे बूट घालायचा आणि चेअरमनच्या गाडीचं दार उघडायचा. याखेरीज त्याला काही काम करताना कुणी पाहिलेलं नव्हतं. कारखान्याची निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. कालव्याचं पाणी पहिल्यांदा चेअरमनच्या उसात शिरतं हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि दहा रुपयांचं तिकीट काढून पडद्यावर बघणं वेगळं. चेअरमननी पिक्चर बंद करायची खटपट करून बघितली. पण पिक्चरला सेन्सॉरचा कागद होता. पोरं पाठवून खुर्च्या मोडाव्यात, तर पेपरात नाव आलं असतं. मग चेअरमननी डोकं लढवलं.

“समदी तिकिटं द्या,” नवनाथ खिडकीत वाकून म्हणाला.

“समदी म्हंजी?” शेठच्या हातातला चहा सांडला.

“समदी म्हंजी समदी. बाल्कनी बी. उद्याची बी. परवाची बी. पिक्चर हाय तवर रोजची.”

“आन् मानसं कवा येनार?”

“मानसं न्हाई येनार. आन् पिक्चर लावायचा न्हाई. तिकिटं आमची, आमाला बगायचा न्हाई.”

शेठनी कपाटामागून हाऊसफुल्लची पाटी काढली. ती आठ वर्षांनी बाहेर येत होती. तिच्यावरचं जाळं शेठनी स्वतःच्या धोतरानं पुसलं.

कोंडिबा हात जोडून पुढं झाला. “शेठ, हॉल तर रिकामाच हाय. माझ्यापुरता येकदा लावा. ताईबाई हाय त्यात.”

“अरं, लावला असता कोंडिबा, पण तुला बसवू कुठं? येक बी शीट शिल्लक न्हाई.”

शेठ हे चेष्टेनं बोलले नाहीत. तिकिटांचा हिशेब करमणूक कराच्या इन्स्पेक्टरला द्यावा लागायचा आणि शेठ त्या एका माणसाला यमापेक्षा जास्त भीत. विकलेलं तिकीट फाटलेलंच असलं पाहिजे. तिकीट फाटल्याशिवाय करमणूक झाली असं सरकार मानत नव्हतं. म्हणून रोज तीन खेळांना चारशे बारा तिकिटं घेऊन कोंडिबानं दारात उभं राहायचं आणि न आलेल्या माणसांची तिकिटं फाडायची. नवनाथ पहिल्या रांगेत बूट काढून झोपायचा, चुकून रीळ फिरू नये म्हणून.

पाटी लागली की ती बघायला माणसं जमतातच. स्टँडसमोर वह्या-पेनांचं दुकान चालवून एका पेपरला बातम्या पाठवणारा एक गृहस्थ होता. त्यानं बातमी दिली : ‘माहितीपटाला शिरूरमध्ये उदंड प्रतिसाद, सलग चौथ्या दिवशी हाऊसफुल्ल.’ आत जाऊन बघायची त्याला गरज वाटली नाही, आणि तिकीटही नव्हतंच. ती बातमी पुण्याच्या पेपरनं उचलली. माहितीपटाला एवढा गल्ला आजवर कुठंच जमला नव्हता, असं एका तज्ज्ञानं लिहिलं आणि ग्रामीण प्रेक्षकांची जाण केवढी वाढली आहे, यावर दोन परिच्छेद खर्ची घातले. ती वाढलेली जाण रोज दुपारी पहिल्या रांगेत घोरत होती.

बातमी वाचून दौंडच्या एका टॉकीजवाल्यानं दुसरी प्रिंट मागवली. कारखान्याचे निम्मे सभासद दौंडकडचे. चेअरमनना तिकडचीही सगळी तिकिटं घ्यावी लागली. आता दौंडलाही हाऊसफुल्लची पाटी लागली. चेअरमन पिक्चर जितका दाबायला जात, तितका तो वर येत होता. निमोण्याहून माणसं टेंपोनं येऊ लागली. तिकीट मिळत नाही म्हटल्यावर यात चेअरमनचं काहीतरी भयंकर असणार, अशी सगळ्यांची खात्रीच पटली. कुणी म्हणे, चेअरमन मोटार चोरताना दाखवलाय. कुणी म्हणे, रडताना दाखवलाय. एका म्हातारीनं तर कोंडिबाचा हात धरून विचारलं, “खरं सांग, आत तू बगितलास नव्हं?”

“आत्याबाई, मी दारातला मानूस. मला कोन आत सोडतंय?” कोंडिबा म्हणाला.

नवव्या दिवशी शेठनी सांगितलं, की पेटी सोमवारी संध्याकाळच्या एस.टी.नं परत जाणार. ताईबाई त्या पेटीत होती आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत कारखान्याच्या पैशांवर बंद पडून राहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोंडिबानं डोकं चालवायचं ठरवलं. तो पायरीवर बसलेल्या नवनाथाशेजारी जाऊन बसला.

“काय मामा, बोटं दुखत्यात का?” नवनाथनं विचारलं.

“बोटांचं काय न्हाई रं. जीव दुखतो. भाईर मानसं धा रुपयाच्या तिकिटाला पन्नास द्याया तयार हायेत, आन् आपुन ते फाडून डब्यात टाकतोय.”

नवनाथनं बुटावरची धूळ झटकली. “चेअरमन काय म्हनतील?”

“त्यांना काय दिसतंय? तिकीट फाटलं म्हंजी झालं. कुणासाठी फाटलं, त्ये त्याच्यावर लिवल्यालं आसतं व्हय?”

नवनाथ उठून आत गेला. पण रविवारी दुपारी तो स्टँडवर पिंपळाखाली उभा होता आणि त्याचे दोन्ही खिसे फुगले होते. कोंडिबानं ज्ञानूला आधीच सांगून ठेवलं होतं. माणसं खरी तिकिटं घेऊन आली, की पिक्चर लावल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मध्यंतरानंतर अर्धा तास नवनाथनं दार सांभाळायचं आणि कोंडिबानं आत जायचं, असं ठरलं होतं. सगळं अगदी नेटकं जमून आलं होतं.

सहाच्या खेळाला चारशे बारा माणसं तिकिटं घेऊन आली. आणखी दोनशे बिनतिकिटाची आली, कारण चारशे बारा माणसं कुठं चालली आहेत हे त्यांना बघायचं होतं. निमोण्याचे दोन टेंपो, वडगाव रासाईचा एक, दौंडच्या बाजूच्या तीन जीपगाड्या. दहा दिवसांनी पंखे फिरले. ज्ञानूनं मशीन चालू केलं, पडदा उजळला आणि त्या उजेडात नवनाथ जो नाहीसा झाला तो पुढं महिनाभर कुणाला दिसला नाही. चेअरमनच्या कानावर काळाबाजार गेला, हे त्याला चेअरमनच्याही आधी कळलं होतं.

मध्यंतर झालं, संपलं. दार सांभाळायला कोंडिबाशिवाय कुणी नव्हतं. बाहेरची दोनशे माणसं दार ढकलत होती आणि कोंडिबा आतून पाठ लावून उभा होता. पिक्चरचा पडदा त्याच्या डाव्या हाताला, दारापाशी टांगलेल्या जाड काळ्या पडद्याआड. तो मनात मिनिटं मोजत होता. अठरा. एकोणीस. तेवढ्यात दारावर थापा बसल्या.

“उघड रं! मी हाय!”

आवाज चेअरमन तात्याबांचा होता. कोंडिबानं दार वीतभर उघडलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, “तिकीट?”

चेअरमनचा चेहरा लालबुंद झाला. “तिकीट? आरं, समदी माझीच हायेत की रं!”

कोंडिबा बाजूला सरला, चेअरमन आत घुसले आणि त्यांच्या मागून वीस-पंचवीस माणसंही घुसू लागली. कोंडिबा त्यांच्याशी झोंबत असतानाच आतून ताईबाईचा आवाज आला.

तिचाच आवाज. मोठा, थोडासा फाटका, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. कोंडिबानं मान आतल्या बाजूला वळवली. पण अंगावर माणसं होती आणि समोर आरडाओरडा होता. एक शब्द म्हणून नीट ऐकू येईना. ‘चेअरमन’ एवढं त्यानं ऐकलं. मग एकदम सगळं टॉकीज हसलं. भाग्योदयमध्ये इतका हशा आजवर कोणत्याही विनोदी पिक्चरला पिकला नव्हता. कोंडिबानं जीव खाऊन दार लावलं, कडी घातली, काळा पडदा बाजूला केला. पांढऱ्या पडद्यावर कालव्याची एक कोरडी चारी होती आणि तिच्यात एक शेळी उभी होती.

पिक्चर सुटला. माणसं बाहेर पडताना कुरकुरत होती. “ह्यात चेअरमनचं कायच न्हाई की!” पण कोंडिबाला बघितलं की त्यांचे चेहरे खुलत. “काय कोंडिबा! वहिनींनी लई झ्याक हानला!” कुणी पाठीवर थाप मारली, कुणी डोळा मारला. निमोण्याची म्हातारी तर पदर तोंडात कोंबून हसत गेली.

सगळ्यात शेवटी चेअरमन आले. रागाचा मागमूस नव्हता, उलट जरा खट्टू दिसत होते. “येवढा पैका घातला मी,” ते स्वतःशीच बोलावं तसे बोलले, “आन् मी हाय कुठं ह्यात? येका उद्घाटनात पाठमोरा हाय, त्यो बी नारळ फोडताना.” मग त्यांनी कोंडिबाच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझी मंडळी का रं ती? आपल्या दोगांत तुझंच नाव निगालं, कोंडिबा.”

कोंडिबाची छाती फुगली. चेअरमनचा पाणउतारा करताना बाईनं आपलं नाव घेतलं, अमक्याची बायको आहे म्हणून छातीठोक सांगितलं, असा त्यानं अर्थ लावला. त्या दिवशी तो घरी ताठ मानेनं गेला. त्यानं रिकाम्या खिळ्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाला, “लई ब्येस केलंस बग.”

सोमवारी बाराच्या खेळाला कुणी फिरकलं नाही. चेअरमननी तिकिटं घेतली नाहीत, कारण घाबरण्यासारखं काही नव्हतं. आणि लोकांनी घेतली नाहीत, कारण बघण्यासारखं काही नव्हतं. तालुक्यातल्या माणसांनी ‘टेलचं पाणी’ डोक्यावर घेतला होता तो न बघता. एकदा बघितला आणि उतरला. शेठनी पाटी पुन्हा कपाटामागं टाकली.

“ज्ञानू, तीनचा लाव की,” कोंडिबा म्हणाला.

“शेठचा नेम ठावं हाय न्हवं? दोन तरी तिकिटं खपल्याबिगर मशीन चालू करायचं न्हाई. येकल्या मानसासाठी न्हाई लावत ते.”

कोंडिबा खिडकीशी गेला. तीस वर्षांत त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं तो पहिल्यांदाच उभा राहत होता. “दोन द्या. बाल्कनीची.” शेठनी पैसे मोजून घेतले आणि दोन तिकिटं सरकवली. कोंडिबा दारात आला, त्यानं दोन्ही तिकिटं स्वतःच फाडली, दोन अर्धी डब्यात टाकली, दोन अर्धी मुठीत घेतली आणि जिना चढून मधल्या खुर्चीवर बसला. बाल्कनीच्या खुर्चीला गादी असते हे त्याला माहीत होतं, ती इतकी खोल असते हे नव्हतं.

लाईट गेली नाही. मध्यंतर झालं. कोरडी टाकी आली, हंड्यांची रांग आली आणि मग हिरव्या लुगड्यातली ताईबाई आली. तिचा चेहरा दोन माणसं उंच होता. कपाळावर घाम होता, पुढचा एक दात किडलेला होता, डाव्या भुवईवरचा व्रण होता. सगळं जिथल्या तिथं होतं. कोंडिबा खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला.

कुणीतरी पोरगी तिला विचारत होती, “चेअरमनबद्दल तुमचं काय म्हणणं आहे, मावशी?”

“चेअरमनचं काय घिऊन बसलीस?” ताईबाई म्हणाली. “त्यो पाच वर्सांनी का हुईना, हात जोडून दारात तरी येतो. आमचं मालक बग. कोंडिबा नाव हाय त्यांचं. शिरूरला टाकीजच्या दारात आसत्यात. समद्या तालुक्याच्या बायांची तिकिटं फाडली त्यांनी. लगीन झाल्यापास्नं मला येकदा म्हनलं न्हाईत, चल, आत बस म्हनून. पानी काय, आज ना उद्या यील बाई टेलला. पन ह्यो मानूस काय मला पिक्चर दावायचा न्हाई.”

ती हसली. हसताना पदर तोंडावर घेतला, आणि मग एकदम गंभीर होऊन पुढं वाकली. “ह्ये नका घालू हां त्यात. वाईट वाटंल त्यांना.”

मग ती कोरडी चारी आली आणि शेळी आली.

कोंडिबा हलला नाही. काल सगळं टॉकीज कशाला हसलं, चेअरमन काय म्हणाले, म्हातारी पदर कोंबून का गेली, ते सगळं त्याला एकदम कळलं आणि तो शरमला. त्यानं कधी म्हटलं नव्हतं, हे खरंच होतं. दारातल्या माणसाच्या बायकोला फुकट सोडता आलं असतं, कुणी अडवलं नसतं. पण ती कधी मागत नव्हती आणि त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. एवढं साधं कारण होतं. त्यानं मूठ उघडून बघितली. दोन्ही अर्धी तिकिटं घामानं एकमेकांना चिकटली होती. त्यानं ती सोडवली आणि त्यातलं एक शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं.

वरच्या झरोक्यातून ज्ञानूचं डोकं बाहेर आलं. “कोंडिबा, झालं नव्हं वहिनींचं? आता पुडं चाळीस मिन्टं त्यो पुन्याचा प्रोफेसर फळ्यावर घनफूट मोजतोय. बंद करू का? पेटी बांदायची हाय.”

“ऱ्हाऊ दे,” कोंडिबा म्हणाला.

“आरं, कोन बगनार त्ये?”

“दोन तिकिटं फाडल्यात,” कोंडिबा म्हणाला. “तिला पुरा बगू दे.”

ज्ञानूनं डोकं आत घेतलं. पडद्यावर प्रोफेसर आले, त्यांनी चष्मा पुसला, खडू घेतला आणि कालव्याच्या हेडपासून टेलपर्यंत एक लांब रेघ ओढली. कोंडिबाला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. ताईबाईला दाखवलेला हा पहिलाच पिक्चर, आणि तोही असला, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. तरी तो शेवटपर्यंत बसून राहिला.